जुन्या फिल्टरची हजेरी

माझी ताई अडुसष्ट वर्षांची आहे आणि दर गुरुवारी एकटी गाडी चालवत घाट चढून जाते. वर एक शुश्रूषागृह आहे, तिथं भाऊजी असतात. साडेआठला निघायचं, अकराला पोचायचं, त्यांना भरवायचं, तासभर शेजारी बसायचं आणि परत फिरायचं. ही कोण, हे भाऊजींना दोन वर्षांपासून सांगता येत नाही. पण एरवी चमचा दिसला की तोंड मिटून घेणारा माणूस तिच्या हातून पोटभर जेवतो. ताईचा गुरुवार त्यामुळे हलत नाही.

गाडी ताईची असली तरी देखभालीचं खातं माझ्याकडे. घरात गाडीची पुस्तिका वाचणारा मी एकटाच, म्हणून. गाडी बिनगिअरची, सीव्हीटी: आत दोन कप्प्या, त्यांवर पोलादी पट्टा, आणि सगळा कारभार ऑइलच्या भरवशावर. पुस्तिकेत लिहिलं होतं की सर्वसाधारण वापरात हे ऑइल बदलण्याची गरज नाही. हे वाक्य मला फार आवडलं. त्याच्या जोरावर मी नऊ वर्षं काहीही केलं नाही, आणि तेही पूर्ण अभ्यासाअंती.

मग चढावर गाडी कण्हायला लागली.

"नुसता आवाज करते आणि जागची हलत नाही," ताई म्हणाली. "अगदी तुझ्यासारखं."

बुधवारी गाडी मास्तरांकडे नेली. मास्तर शिक्षक नाहीत, मेकॅनिक आहेत. गाडीतून काढलेल्या जुन्या भागांची ते दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेतात, म्हणून हे नाव पडलं. नव्या भागांची रिकामी खोकी एका ओळीत, समोर जुने भाग, आणि एकेकावर बोट.

त्यांनी गिअरबॉक्सखालची, ऑइल साचणारी तबकडी उतरवली. ऑइल डांबरासारखं निघालं. तबकडीतल्या चुंबकांवर लोखंडाचा बारीक चुरा साचून त्यांचे केसाळ सुरवंट झाले होते.

"पुस्तिकेत सर्वसाधारण वापर म्हटलंय," मी म्हणालो.

"दर आठवड्याला घाट? हा सर्वसाधारण वापर?"

"तसं स्पष्ट लिहिलेलं नाही."

"लिहिणारा सपाटीवर राहत असणार," मास्तर म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले.

संध्याकाळपर्यंत नवा फिल्टर, नवं ऑइल, स्वच्छ चुंबक, सगळं झालं. जुना फिल्टर फडक्यावर पडला होता. "टाकून द्या की हा," मी म्हणालो. "उद्या," मास्तर म्हणाले. मला ते थोडं नाटकी वाटलं.

गुरुवारी सकाळी मास्तरांचे चार फोन आले. काम कसं वाटलं म्हणून अभिप्राय मागत असतील, असं समजून मी उचलले नाहीत. सव्वाआठला ताईने गाडी सुरू केली आणि त्याच वेळी मास्तरांची मोटरसायकल येऊन फाटकात आडवी उभी राहिली.

"बाई, बंद करा गाडी," ते धापा टाकत म्हणाले. "माझी चूक झालीय."

तीस वर्षं मी वस्तू दुरुस्त करून घेतोय. चूक कंपनीची असते, हवामानाची असते, बहुतेक वेळा माझी असते. दुरुस्त करणाऱ्याची पहिल्यांदाच निघाली.

मास्तरांनी खिशातून जुना फिल्टर काढला आणि त्याच्या मानेवर बोट ठेवलं. "इथं रबरी रिंग असते. आज बघतो तर नाही. म्हणजे ती वर गिअरबॉक्सच्या भोकातच चिकटून राहिली आणि मी नवी रिंग तिच्यावरच बसवली. फिल्टर घट्ट बसलेला नाही. सपाटीला कळणार नाही, पण चढावर पंप ऑइलबरोबर हवा ओढेल आणि पट्टा घसरेल."

"मग?"

"गाडी मधेच ओढायची थांबेल."

ताईने विचार केला. "दरीच्या अंगाला की डोंगराच्या?"

"ते मला सांगता येणार नाही, बाई."

"मग चला तुमच्याकडे."

मास्तरांनी कालच भरलेलं ऑइल एका स्वच्छ डब्यात उतरवलं, तबकडी खोलली, फिल्टर ओढला आणि भोकात आकडा घातला. काळी, चपटी झालेली रिंग बाहेर आली. "हा आमचा दांडीबहाद्दर," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

पुन्हा सगळं बसवायचं म्हणजे ऑइलची पातळीही पुन्हा बघायची, आणि ती ऑइल कोमट असतानाच. थंड असलं तर कमी दिसतं, तापलं तर जास्त. इंजिन चालू ठेवून ताई आत बसली, मास्तर खालून ओरडत होते, "मागे घ्या... न्यूट्रल... पुढे!" आणि ताई ब्रेकवर पाय दाबून दांडा हलवत होती.

"पाच सेकंद थांबा प्रत्येक ठिकाणी!"

"मोजतेय हो! लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालीत, थांबायचं मला शिकवू नका!"

पातळीच्या भोकातून गळणाऱ्या जादा ऑइलची धार बारीक होऊन थेंबांवर आली तेव्हा मास्तरांनी बूच लावलं. साडेअकरा वाजले होते. ताई पाणीही न पिता निघाली.

"तुम्ही आला नसता तर..." मी सुरुवात केली.

"फोन उचलत जा साहेब," मास्तर म्हणाले.

पुढचे अडीच तास मी त्यांच्याच बाकावर बसून होतो. त्यांनी मला घरी जा म्हटलं नाही. दोन वाजून गेल्यावर ताईचा फोन आला.

"पोचले. गाडी एकदम गप चढली. तुझे भाऊजी चिडलेत."

"कशाने?"

"मी दारातून आत आले तर म्हणाले, किती हा उशीर! मी कधीचा बसलोय. मला वाटायचं, आले काय नि नाही काय, त्यांना सारखंच. वाट बघतात रे ते. मी कधी उशिरा आलेच नव्हते, मग कळणार कसं?"

"जेवले?"

"रागारागाने जेवतायत. ठेवते."

मी मास्तरांना सगळं सांगितलं. ते फडक्याने बोटं पुसत राहिले, स्वच्छ झालेली बोटंही.

"उतरताना सावकाश या म्हणावं बाईंना," शेवटी म्हणाले. "घाई नाही."

मी सांगतो म्हणालो. मग उभा राहिलो आणि त्यांचे आभार मानले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, कोपरखळी न मारता.