चाळीस विहिरी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी दानेश्वरी आणि राजवीर या दोघांना मिळून एकच प्रकल्प मिळाला: कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या विहिरींच्या पाण्याचा खारटपणा. साल होतं दोन हजार सात. महिनाभर दानेश्वरी उसातनं चिखल तुडवत हिंडली. बारा विहिरींचं पाणी तिनं बाटल्यांत भरून आणलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतः तपासलं. राजवीर एकदाच आला, तोही फोटो काढायला. अहवाल टाईप करायचं तेवढं त्यानं अंगावर घेतलं. त्याच्या घरी कॉम्प्युटर होता; नेसरीहून येऊन होस्टेलवर राहणाऱ्या दानेश्वरीकडं तो कुठला?

तोंडी परीक्षेच्या दिवशी तो झकास बांधलेला अहवाल घेऊन आला. तिला तो उघडायची सवड मिळायच्या आत दोघांना आत बोलावलं.

बाहेरगावच्या परीक्षकांनी रंगीत आलेख बघून मान डोलावली. "किती विहिरी तपासल्या?"

"बारा, सर," दानेश्वरी म्हणाली.

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "इथं चाळीस लिहिलंय."

"चाळीसच, सर," राजवीर पटकन बोलला.

"स्वतःचा प्रकल्प तरी वाचून यावं माणसानं," परीक्षक तिला म्हणाले.

बाहेर येताच तिनं राजवीरची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली. "चाळीस विहिरी कुठल्या रे?"

"पेनड्राईव्हमधनं व्हायरस आला, सगळं उडालं. मग नेटवरनं एक तयार अहवाल घेतला. गावाचं नाव बदललं की!"

"माझं कागद तुझ्याकडंच होतं न्हवं? परत टाईप करायला काय झालं होतं?"

"रात्रीत कोण करतंय? आणि नेटवरचं चांगलंच असतंय. बघितलंस न्हवं, सर खूश झालं."

"माझं कागद दे," ती म्हणाली. त्यानं सॅकमधून चुरगळलेली चळत काढून दिली. ती घेऊन दानेश्वरी तडक परत आत गेली. तिनं सगळं सांगितलं. परीक्षकांनी तिच्या हस्ताक्षरातली पानं बोटानं उलटली. "हे असं हातानं लिहिलेलं मी कसं घेऊ? टाईप करून आणा. मी चारपर्यंत आहे."

ती राजारामपुरीतल्या नेट कॅफेत धावली. एकही मशीन रिकामं नव्हतं. सगळीकडं कॉलेजचीच पोरं बसलेली. कुणी निबंध उतरवत होतं, कुणी कुणाचातरी आख्खा प्रकल्प.

"मला टाईप करायचंय रे. थोडा वेळ उठ की," तिनं एकाला विनवलं.

"डाऊनलोड चालू हाय. मधीच उठलो तर पहिल्यापासनं करायला लागंल," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

शेवटी एक मुलगी उठली. दानेश्वरी एकेक अक्षर शोधत टाईप करायला लागली. सातव्या विहिरीपर्यंत आली आणि लाईट गेली. भारनियमन. कॅफेभर एकच ओरडा झाला. ज्याचं त्याचं डाऊनलोड अर्धवट राहिलं होतं. तिनं काहीच सेव्ह केलं नव्हतं.

चार वाजत आले होते; पुन्हा लाईट येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. ती कागद घेऊन तशीच कॉलेजात पळाली. परीक्षक मघाशीच गाडीत बसून गेले होते. विभागाचे चौगुले सर कपाटाला कुलूप लावत होते.

"सर, तुम्ही तरी बघा. प्रयोगशाळेत तुमच्यासमोरच तपासलंय मी."

"मला माहीत आहे गं," सर म्हणाले, "पण गुण पाठवून झाले. आता तक्रार केलीस तर दोघांचाही प्रकल्प रद्द होईल. घरी काय सांगशील?"

ती कागद घेऊन होस्टेलवर परतली.

निकाल लागला. प्रकल्पात राजवीरला तिच्यापेक्षा जास्त गुण होते. पेढ्यांचा बॉक्स पुढं करत तो हसून म्हणाला, "आधीच विचारलं असतंस तर सांगितलं असतं की, चाळीस म्हण म्हणून."

दानेश्वरीनं बॉक्स हातानं बाजूला सारला आणि ती घरी जायला गडहिंग्लजच्या एस.टी.साठी स्टँडकडं चालू लागली.