कारिनची आई

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. माझं जन्मगाव कुठलंही असो, माझी उमेद आणि शाई खर्च झाली ती रायपुरात, तात्यापारा मोहल्ल्यातल्या शिशिरच्या ऑफिसात. शिशिर परदेशी लोकांच्या वंशावळी शोधून विकत असे, आणि मी त्या जाड, पिवळसर कागदावर छापत असे. तेव्हा माझं फार कौतुक होतं. मला मात्र गिऱ्हाइकांची किळस यायची. प्रत्येकाला पूर्वज हवा तो सरदारच! गुराख्याला, मोलकरणीला जणू कधी पोरं झालीच नाहीत.

जुन्या नोंदींमधली अक्षरं वाचून लावायचं काम भावनाचं. विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर आलेल्या घरातली ही पोट्टी जिद्दीनं स्वीडिश शिकली होती. एकदा स्वीडनच्या एका बाईंनी आपल्या पूर्वज स्त्रीचं, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कारिनचं, माहेर शोधायला सांगितलं. तिथल्या चर्चमधल्या नोंदींचे फोटो बघून भावनाचे डोळे सुजले. शेवटी कारिनची आई सापडली. तिचं नाव ब्रिता. गावानं तिला चेटकीण, आमच्या रायपूरकडे म्हणतात तशी टोनही, ठरवून तिचं मुंडकं उडवलं होतं.

शिशिरनं नाक मुरडलं. "टोनहीची पोट्टी कोण भिंतीवर टांगते? ब्रिताले काढ. त्याच गावात एक कप्तान होता ना, त्याची लेक दाखव कारिनले."

"काहून काढू, भैया? तिले एकदा गावानं मारलं, आता तुम्ही मारून राहिले."

"मग तूच विचार बाईले!"

भावनानं व्हिडिओ कॉलवर सगळं खरं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं, मग त्या हसल्या आणि त्यांनी विचारलं, "तो कप्तान नाही का मिळणार?"

थू! मला तोंड असतं तर तिथंच थुंकलो असतो.

भावनानं त्याच दिवशी नोकरी सोडली. बाईंना कप्तान मिळाला. शिशिरनं नवा, चकचकीत प्रिंटर आणला आणि मला भंगारवाल्याला देऊन टाकलं. ते कळताच भावना रिक्षा घेऊन आली आणि मला आपल्या घरी घेऊन गेली. तिथं मी पहिला कागद छापला तो ब्रिताच्या वंशाचा.

भावनाची मावशी शेवंता तेव्हा रायपूरजवळच्या अभनपूरहून आली होती. तिलाही कधीकाळी शेजाऱ्यांनी टोनही म्हणून घराबाहेर ओढलं होतं. ब्रिताची गोष्ट ऐकून ती कागदाजवळ सरकली.

"तिची लेक वाचली का मंग?"

"हव, मावशी. हे खालचे सारे तिचेच."

मावशीनं कागदावरून सावकाश हात फिरवला. "मले दे हा. माह्या घरात लावतो."

जाताना तिनं तो लुगड्याच्या घडीत जपून नेला. स्वीडनातल्या दिवाणखान्यात ब्रिताला जागा झाली नाही, ती अभनपुरात झाली.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, असं मी म्हणत नाही. आम्ही भंगारात जातोच. पण कप्तानाच्या हौसेपायी आपली आई खोडू नका. तेवढं केलंत, तरी पुष्कळ.