कानातला कापूस

गादी कारखान्यात भर दुपारी सगळे कामगार कानात कापूस कोंबून उभे होते. कापसाचा तुटवडा नव्हता. तुटवडा अकलेचा होता. मधोमध शिलाईवाली वहिनी छाती धरून थरथरत होती, श्वासासाठी धडपडत काहीतरी पुटपुटत होती. डॉक्टरांनी हृदय तपासलं होतं, ते ठणठणीत होतं. मग मालकांनी मांत्रिक बाबांना बोलावलं होतं.

"तिच्या अंगातलं बोलतंय," बाबांनी बजावलं होतं. "जो ऐकेल त्याच्या मानगुटीवर बसेल."

आजही बाबा आल्या आल्या पाय धुवून मालकांच्या खोलीत चहाला बसले. चहानंतर धूप, धुपानंतर 'योग्य घटका', मग मंतरलेलं पाणी. पाणी शिंपडलं की वहिनी शांत. मालकांनी खूश होऊन बाबांना दुप्पट कापसाची गादी शिवून दिली होती.

पण आज वहिनीची नणंद आली होती. मनोरुग्णालयात परिचारिका. ती सरळ वहिनीजवळ जाऊन बसली.

"मी इथंच आहे, वहिनी. माझ्याबरोबर हळूहळू श्वास सोड."

बाबा पाणी घेऊन आले, तेव्हा वहिनी भिंतीला टेकून शांत बसली होती.

"माझ्याआधी कुणी उतरवलं?" बाबा गडबडले.

"कुणीच नाही. भीतीची लाट आहे ही. चढते आणि थोड्या वेळानं आपली आपण उतरते. तेवढा वेळ काढायलाच तर तुमचा चहा लागतो."

मी कारखान्याचा ड्रायव्हर, कानातला बोळा सैल करून ऐकत होतो; मला हसू आवरेना. नणंद मात्र हसली नाही. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं; वहिनीचा नवरा कानातले बोळे मुठीत घेऊन थांबला, आणि गाडी काढायला मी.

"वहिनी, जीव द्यावासा वाटतो का?"

"असलं विचारू नकोस," नवरा घाबरला. "नसलेलं डोक्यात येईल."

"विचारल्यानं येत नाही, दादा. आलेलं असेल तर बाहेर पडतं."

वहिनी रडायला लागली. "रोज वाटतं. आता तर ठरवलंय. प्रत्येक वेळी तेच सांगत होते, कुणी ऐकलंच नाही."

"आता ऐकलंय. तुला एकटं सोडायचं नाही. दादा, घरातलं धोक्याचं सगळं आजच बाहेर काढ. आणि आत्ताच्या आत्ता मनाच्या डॉक्टरांकडे."

नवऱ्यानं मूठ उघडली आणि तळहातावरचे कापसाचे बोळे बघत राहिला. मला त्याची दया आली आणि बाबांचा संताप.

वहिनी आता उपचार घेते, शिलाईवर परतली आहे. तुमच्या घरात कुणी असं थरथरत असेल, तर पाणी मंतरू नका. जवळ बसा, स्पष्ट विचारा, ऐका आणि डॉक्टरांकडे न्या. कापूस गादीतच राहू द्या.