टाकीला साबण

दादाने बाबांची मोटारसायकल विकायला काढली तेव्हा माझी दुरुस्ती अर्धवट होती. पेट्रोलचा कॉक, वॉशर, कडक झालेला पाइप, सगळं मी बदललं होतं. तरी टाकीच्या खालच्या जोडावरून थेंब यायचाच. टाकी उतरवून, आतला गंज काढून तो जोड झाळायला हवा होता.

"रविवारपर्यंत थांब," मी म्हणालो.

"तुझा रविवार उजाडेपर्यंत भंगारवालाही तोंड फिरवेल."

दादाने कपड्यांचा साबण आणून जोडावर घासघासून बसवला. थेंब थांबला. इंजिन हादरलं की साबण निघतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गिऱ्हाईक आलं. "मुलीला शाळेत सोडायला हवीय," तो म्हणाला. "ती पुढे टाकीवरच बसते."

मी फडक्याने साबण खरवडून काढला. थेंब त्याच्या बुटावर पडला. तो बूट झटकून निघून गेला.

"घरभेद्या!" दादा ओरडला. "त्या पोरीचा कसला कळवळा? तुला गाडी कवटाळून बसायचंय!"

"हो. पोरीचं नसतं कळलं तरी मी हेच केलं असतं."

"मग घाल उरावर. पण माझ्या दारात लावायची नाही."

मी गाडी ढकलत रस्त्यापलीकडे नेली. दादाने माझा पान्यांचा डबा मागून भिरकावला. विखुरलेले पाने मी गोळा केले, गाडी भिंतीला टेकवली आणि टाकीचा बोल्ट सोडवायला बसलो.