सहाव्या खंडात मेलेली नावाडीण

प्रकाशकाच्या कार्यालयात सगळे तिला चाळणीताई म्हणत. तिच्या नजरेतून चूक निसटत नाही म्हणून हे नाव पडलं होतं, आणि ते ठेवलं होतं खुद्द लेखकानं. 'खाऱ्या राज्याची गाथा' या त्याच्या अद्भुत कादंबऱ्यांच्या मालिकेचे चौदा खंड तिनं तपासले होते. वर्षाला दोन खंड हातावेगळे करणाऱ्या त्या माणसाला आपण मागे काय लिहिलंय ते आठवत नसे. ते ताईच्या जाडजूड वहीत असे. कोणत्या राणीला किती मुलं, कोणत्या किल्ल्याचं दार कुठल्या दिशेला, कुणाचा डावा डोळा गेला आणि कुणाचा उजवा.

पंधराव्या खंडाची प्रुफं तपासताना ती नवव्या प्रकरणात अडखळली. खाडीकाठी म्हातारी नावाडीण वल्हं टेकून उभी होती आणि राजकन्येला म्हणत होती, "बस गं पोरी, सोडते पलीकडे."

ही बाई सहाव्या खंडात बुडून मेली होती. नुसती बेपत्ता नव्हे. तिला वाळूत पुरलं होतं, आणि ते पान तपासताना ताईला दोनदा चष्मा पुसावा लागला होता.

तिनं लेखकाला फोन लावला. तो वाचनाच्या कार्यक्रमांसाठी गावोगाव फिरत होता.

"ताई, गाडीत आहे. नंतर बोलू?"

हे 'नंतर' तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी ती प्रुफांचा गठ्ठा घेऊन प्रकाशकाच्या खोलीत गेली.

"नावाडीण मेलेली आहे."

"कोण?" प्रकाशक दचकला. "आपल्याकडची?"

"पुस्तकातली! सहावा खंड, पान दोनशे बारा."

प्रकाशकानं सुटकेचा श्वास टाकला. "ताई, पुरस्कारासाठी पुस्तक पाठवायची मुदत शुक्रवारी संपते. सहा वेळा अंतिम यादीत येऊन हात हलवत परत आलोय आपण. आता एका म्हातारीपायी थांबू?"

"एका नाही. ती अकरा ठिकाणी बोलते."

"मग बोलू दे बिचारीला."

ताईनं अकराही ठिकाणी समासात लाल शाईनं 'ही मेली आहे' असं लिहिलं आणि गठ्ठा परत दिला. पुस्तक छापून आलं, तेव्हा नावाडीण अकराही ठिकाणी ठणठणीत होती.

आणि त्याच पुस्तकाला पुरस्कार मिळाला.

समारंभाला ताई नवऱ्याला घेऊन गेली. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि कादंबऱ्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण घरी आठवडाभर नावाडिणीचंच पुराण ऐकून त्याला ती तोंडपाठ झाली होती. परीक्षक मंडळाच्या अध्यक्षबाईंनी मानपत्र वाचलं. 'मृत नावाडिणीला कोणतंही स्पष्टीकरण न देता परत आणण्याचं लेखकाचं धाडस' त्यांना फार मोलाचं वाटलं होतं. मग लेखक उठला, माइकशी वाकला आणि गंभीरपणे म्हणाला, "माझ्या राज्यात मृत्यू ही भिंत नाही. तो एक किनारा आहे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा कानाशी आला. "अगं, तू तर म्हणत होतीस ती चूक आहे."

"चूकच आहे."

"मग टाळ्या कसल्या?"

"तुम्ही तरी वाजवू नका!"

दुसऱ्या दिवशी तिनं अध्यक्षबाईंना पत्र लिहिलं, पानांच्या क्रमांकांसह. पंधरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपण बारकाईनं वाचता याचा आनंद वाटला. मात्र महान लेखन तपशिलांच्या पलीकडे असतं. ताईनं ते पत्र चुरगाळलं, मग पुन्हा सरळ केलं आणि त्यात 'तपशिलांच्या'मधला चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं दुरुस्त केला. तेवढ्यानं काही बरं वाटलं नाही.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी लेखक तिच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, काखेत रिकामी फाइल. नवऱ्यानं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मुकाट्यानं आतल्या खोलीत निघून गेला.

"वाचकांची पत्रांवर पत्रं येताहेत," लेखक म्हणाला. "ती परत कशी आली, विचारतात. सोळाव्या खंडात उत्तर द्यायला हवं. माझं डोकंच चालत नाही."

"किनारा आहे म्हणालात ना?"

त्यानं मान खाली घातली. "ताई, ती मेली होती हेच मी विसरलो होतो. नववं प्रकरण लिहिताना वाटलं, खूप दिवसांत ती भेटली नाही. म्हणून आणली."

एवढे दिवस या माणसावर ओरडायचं म्हणून ताईनं वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आता तोंडातून निघेना, याचाच तिला जास्त राग आला.

"सहावा खंड शेवटचा कधी वाचलात?"

"लिहिला तेव्हा."

"म्हणजे वाचलाच नाहीत." तिनं फडताळातून पुस्तक काढून त्याच्या मांडीवर आपटलं. "वाचा. इथेच. मोठ्यानं."

तो वाचू लागला. आधी भराभर, स्वतःच्या वाक्यांना कंटाळल्यासारखा. नाव उलटली तिथे त्याचा वेग मंदावला. वाळूतल्या खड्ड्याशी राजकन्या तिची वल्ही घट्ट धरून बसते, तिथे तो थांबलाच.

"बरं लिहिलं होतं की मी," तो हळूच म्हणाला.

"हो. आणि तुम्ही ते पुसून टाकलंत."

त्यानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग त्यानं प्रकाशकाला फोन लावला आणि सोळावा खंड या वर्षी येणार नाही असं सांगितलं. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. त्यात ताईचंही नाव आलं, आणि ते गौरवानं नव्हे.

"तुमच्यावर चिडलाय," फोन ठेवून लेखक म्हणाला. "उद्या तुम्हाला फैलावर घेईल."

"घेऊ दे. मीही चिडलेलीच आहे."

"अजून?"

"छापलेलं पुस्तक परत येतं का?" ताईनं पहिल्या खंडापासूनची चवड टेबलावर मांडली आणि वहीचं कोरं पान उघडलं. "सुरुवातीपासून वाचायचंय. राजाच्या घोड्याचा रंग तुम्ही चार वेळा बदललाय."

"चार?" लेखकानं डोक्याला हात लावला आणि पहिला खंड उघडला.