काकांचं ‘कृपया’

गोविंदकाका म्हणजे नम्रतेचा कहर! बडोद्याच्या विद्यापीठाच्या कचेरीत जन्मभर पत्रं टाइप केली, त्यातलं एकही ‘कृपया’शिवाय सुरू झालं नाही की ‘आभारी आहे’शिवाय संपलं नाही. बरं, माणसांपुरतं असतं तर समजू शकतो. पण हा गृहस्थ जिन्यात आडव्या पसरलेल्या कुत्र्यालाही ‘जरा सरता का?’ असं विचारतो. आणि काय सांगावं, कारेलीबागेतल्या त्या सोसायटीतला कुत्रा सरतोसुद्धा.

मोहना ही त्यांची पुतणी. सयाजीगंजमधल्या एका कंपनीत प्रोग्राम लिहिते आणि काका-काकूंकडेच राहते. काचबिंदूने काकांची नजर गेल्यापासून रोज सकाळी स्नेहलताकाकू त्यांना पेपर वाचून दाखवते. वाचते छान, ठणठणीत आवाजात, पण गाळून वाचते, आणि तिथेच सगळी मेख होती. अपघात गाळायचे, आजारपणं गाळायची आणि बेसण्याचं, म्हणजे निधनवार्तांचं, पान तर सरळ उलटून टाकायचं. काकांचं ब्लडप्रेशर वाढू नये म्हणून!

बडोद्याला माणूस गेला की घरचे पेपरात बेसण्याची वेळ छापतात. दुपारी चार ते सहा, एकच दिवस. त्या वेळात जायचं, चार माणसांत शांत बसायचं, हात जोडून निघायचं. ती वेळ चुकली की चुकलीच. प्रतापसिंहराव, काकांचे शाळेपासूनचे मित्र, गेले तेव्हा काकूने ते पान असंच उलटलं. काकांना कळलं ते महिन्याभराने, भाजीवाल्याच्या गाडीपाशी, कुणाच्या तरी बोलण्यातून.

काका काकूला एका शब्दाने बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, “मला जायला हवं होतं गं.” त्यापेक्षा चांगले ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मोहनाला वाटलं. काकू पानावरून उठली ती पुन्हा बसलीच नाही.

म्हणून मोहनाने तो प्रोग्राम लिहिला. पडद्यावरची बटणं आणि चित्रं काकांना काय कामाची? पण टाइप करायला त्यांना डोळे लागत नाहीत, बोटं अजून पक्की आहेत. ‘वाचन पेपर बेसणं’ एवढं टाइप करायचं की कॉम्प्युटर नेटवरच्या पेपरातलं तेच पान मोठ्याने वाचणार. हळू हवं असेल तर पुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘हळू’ लिहायचं. शब्दांचा अर्थ लावणारा भाग तिने सुटा काढून कसून तपासला. दर वेळी हाताने टाइप करायला नको म्हणून तपासणीसाठी एक मदतनीस, म्हणजे आणखी एक छोटा प्रोग्राम, लिहिला. त्याच्या हातात शब्द द्यायचे, तो ते प्रोग्रामपुढे ठेवायचा आणि प्रोग्रामला काय समजलं ते सांगायचा. सगळ्या तपासण्या पास! मोहनाबाई नुसत्या हवेत.

“काका, कसं चाललंय वाचन?” ती रोज विचारायची.

“मस्त चाललंय, बेटा,” काका म्हणायचे.

मग एके दिवशी ऑफिसातली वीज गेली म्हणून ती दुपारीच घरी आली. काकू देवळात गेली होती. आतून कॉम्प्युटरचा आवाज येत होता, “चूक. हा शब्द ओळखीचा नाही.” मग टकटक. “चूक. हा शब्द ओळखीचा नाही.” आणि मग काकांचा हळू आवाज आला, “माफ करा हं.”

मोहना दारातच थबकली. काकांनी पुन्हा टाइप केलं, पुन्हा चूक ऐकली, पुन्हा माफी मागितली आणि मशीन बंद करून त्यावर क्रोशाचा रुमाल नीट पसरला.

“काका, काय टाइप करताय तुम्ही?”

काका दचकले, पण रंगेहाथ सापडल्यावर खोटं बोलणं काही त्यांना जमलं नाही. “वाचन कृपया आजचा पेपर बेसणं आभारी आहे,” ते म्हणाले.

“अहो, कॉम्प्युटरला कसलं कृपया?” मोहनाचा आवाज चढला. “तीन शब्द सांगितले होते ना तुम्हाला!”

“सांगितले होतेस,” काका ओशाळून म्हणाले. “करून पाहिलं गं मी. पण असं नुसतं दटावून कुणाला कामाला लावायचं माझ्या बोटांना जमतच नाही. सवयीने येतंच ते. आणि मग तो रागावतो. त्याला का उगाच त्रास द्यायचा? काकू वाचते तेवढं पुष्कळ आहे.”

मोहनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा मदतनीस इतके दिवस प्रोग्रामला निवडून, सोलून, स्वच्छ शब्द भरवत होता. या घरात तसं टाइप करणारं कोणी नव्हतंच! काका एकटे बसून एका मशीनची माफी मागत होते आणि ही ऑफिसात पास झालेल्या तपासण्या मिरवत होती.

“तुम्ही काहीही सोडायचं नाही,” ती म्हणाली. “उलट आणखी करा. जेवढं चुकीचं टाइप करता येईल तेवढं करा.”

मग काय, काकांना जोरच चढला. ते सांगत गेले आणि मोहना लिहीत गेली. आता मदतनीसाला सुटे शब्द मिळत नव्हते. काका टाइप करतात तशी अख्खी ओळ मिळत होती, नमस्कारासकट, दोनदा पडलेल्या मोकळ्या जागेसकट, दोनाऐवजी एकाच रेघेसकट. प्रत्येक ओळीपुढे मोहना लिहायची की यातून प्रोग्रामला काय कळायला हवं. पहिल्या दिवशी एकही तपासणी पास झाली नाही. संध्याकाळमागून संध्याकाळ बसून तिने प्रोग्रामला सौजन्य ऐकून घ्यायला, कामाचे शब्द उचलायला आणि अडलंच तर “चूक” न म्हणता “कोणतं पान वाचू?” असं विचारायला शिकवलं.

रविवारी सकाळी काका खुर्चीत बसले. काकू शेजारी वालपापडी सोलत होती. पेपर तिने नेहमीसारखा वाचून दाखवून घडी करून ठेवला होता. काकांनी आपली ती लांबलचक ओळ टाइप केली.

“बेसणं,” कॉम्प्युटर म्हणाला आणि वाचायला लागला. तिसरंच नाव निरुपमाबेनचं होतं. कचेरीत काकांच्या शेजारच्या टेबलावर त्या वर्षानुवर्षं बसायच्या. बेसणं आजच, चार ते सहा.

काकूचा हात कॉम्प्युटर बंद करायच्या बटणाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. काकांनी पत्ता संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “स्नेहलता, माझा पांढरा सदरा धुतलेला आहे का?”

“इस्त्री करून ठेवलाय,” काकू म्हणाली आणि तिला एकदम रडू फुटलं. “सकाळीच वाचलं मी, सांगायचा धीर होत नव्हता. प्रत्येक वेळी वाचते हो. पान उलटायच्या आधी सगळं वाचावंच लागतं ना मला! प्रतापसिंहरावांचंही वाचलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडून घेतलं आणि मग तुम्हाला चहा दिला.”

काकांनी चाचपडत तिचा हात शोधला. “वेडी आहेस झालं,” ते म्हणाले. “चल, आज दोघं जाऊ.”