भागम्माच्या मायेनं कोंडलेलं तळं

मी शेततळं बोलतोय. राणीसावरगावच्या शिवारात, नागप्पांच्या मोसंबीच्या बागेला लागून, काळी पन्नी अंथरलेला एक चौकोनी खड्डा दिसला तर समजा, तो मीच. कडेनं तारेचं कुंपण, आत उतरायला एक दोर. देखणेपणाच्या नावानं बोंबच. पण आज माझा जीव लय हलका झालाय, म्हणून बोलून घेतो. एरवी माझं कोण ऐकतंय?

मोसंबीला पाणी देणं, एवढंच माझं काम होतं. पण उभ्या पाण्याला शेवाळ धरतंच. ठिबकचा फिल्टर सारखा तुंबायचा आणि नागप्पा माझ्याकडं बघून पुटपुटायचे, जसं काही मी मुद्दामच करतोय. मग परभणीच्या बाजारात त्यांना कुणीतरी सांगितलं, मासे सोडा, शेवाळ खाऊन टाकतील.

आता गंमत बघा. हे घर लिंगायतांचं. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. नागप्पांच्या मालकीणबाई भागम्मा लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. त्यांनी बजावलं, मासे आणा, पण खायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत. शेवाळ खातील, सुखानं राहतील. नागप्पा बरं म्हणाले. मत्स्यबीज विकणारा म्हणाला होता की निम्मी पिल्लं मरतात. म्हणून ह्यांनी दुप्पट आणली!

पण भागम्मा पाठीशी असल्यावर पिल्लं मरतील कशाला? त्यांनी पिल्लांच्या पिशव्या आधी तशाच माझ्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, एकदम गार लागू नये म्हणून. खंड्यानं चोच मारू नये म्हणून माझ्यावर जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या ताणून बांधल्या. बोटाएवढी कटला-रोहू बघता बघता हातभर झाली. मी आपला खूश. माझ्या पोटात पहिल्यांदाच काहीतरी हलत होतं.

रोज पूजा आटोपली की त्या भाकरीचा चुरा घेऊन यायच्या. शेजारचा सटवाजी बांधावरून चिडवायचा, अक्का, कालवणाला कवा बोलावता? ते त्यांना झोंबायचं. त्या दिवशी माझ्यात भाकरी जरा जास्तच पडायची.

भाद्रपदात आभाळ दाटलं. ऊन नाही, वारा नाही. उरलेली भाकरी माझ्या तळाशी कुजायला लागली. पाणी हिरवंगार झालं, वास मारायला लागलं. मलाच श्वास पुरेना, मी माशांना कुठून देऊ? सकाळी सगळे मासे तोंडं वर काढून आ वासायला लागले. भागम्मा हरखल्याच. नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "बघा की, माझी वाट बघायलेत." आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याची पेंडही टाकली.

अहो बाई, नका! मी किती ओरडलो. पण तळ्याचं ओरडणं ते काय, चार बुडबुडे वर आले. ते बुडबुडेही त्यांना माशांचेच वाटले आणि त्यांनी आणखी एक मूठ टाकली.

दुसऱ्या सकाळी काही मासे पांढरं पोट वर करून तरंगत होते. बाकीचे काठाला धापा टाकत होते. भागम्मांनी नागप्पांना हाक मारली. कुणीतरी फवारणीचं औषध कालवलं असणार, असं नागप्पा म्हणायला लागले. तेवढ्यात सटवाजी आला. माझं पाणी ओंजळीत घेऊन त्यानं हुंगलं.

"अक्का, ह्यांला भूक न्हाई लागली, ह्यांचा दम कोंडलाय," तो म्हणाला. "माझे मागच्या साली असेच गेले, समदे."

मग त्यानं सांगितलं, खाणं बंद करा, पाणी खळबळवा, आणि सावरले की निम्मे मासे त्याच्या शेतातल्या रिकाम्या तळ्यात सोडा. एवढी दाटी ह्या पाण्याला झेपायची नाही. निम्मे ऐकल्यावर भागम्मांचा पारा चढला. कालवणासाठीच बोलतोय मेला! त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं.

लाइट नव्हती, मोटर चालणार नव्हती. तरी सटवाजी पुढं झाला. बादली घेतली, दोर धरून उतरला आणि पाणी भरून उंचावरून ओतायला लागला. नागप्पाही उतरले. पाणी पडेल तिथं मासे धावत यायचे. भागम्मा बघत होत्या. पेंड तशीच तरंगत होती, तिच्याकडं एकही मासा ढुंकून बघत नव्हता. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"माझ्याच हातानं मारायले होते की मी ह्यांला," त्या म्हणाल्या, आणि तिसरी बादली त्यांनी उचलली.

दुपारी लाइट आली. तळचं सडकं पाणी मोसंबीला गेलं, विहिरीचं ताजं पाणी पाइपातून माझ्यावर उडायला लागलं. काय सांगू तुम्हाला, काय बरं वाटलं!

ऊन पडलं, मासे सावरले, तेव्हा भागम्मांनी स्वतःच सटवाजीला बोलावणं धाडलं. निम्मे मासे जाळ्यात धरून पाण्यानं भरलेल्या टिपाडांत ठेवले. निघताना त्या त्याच्याजवळ गेल्या.

"इथून गेले की ते तुमचे. पुढं काय केलं ते मला सांगू नका, आन् मी इचारणार न्हाई."

सटवाजीनं या खेपेला थट्टा केली नाही. "बरं, अक्का," एवढंच म्हणाला.

आता मी ऐसपैस आहे. तुमच्याकडं तळं असेल तर एवढं ऐका, माया करा, पण बेतानं. सकाळी मासे तोंड वासून दिसले तर आधी पाणी हलवा.

आज पूजा करून भागम्मा आल्या, रिकाम्या हातानं. वर एकही मासा नव्हता. त्या घाबरून वाकल्या, खूप वेळ बघत राहिल्या. खोल पाण्यात काळ्या पाठी सावकाश फिरत होत्या. नागप्पांनी बागेतून ओरडून विचारलं, आले का मासे?

"न्हाई," भागम्मा म्हणाल्या, आणि डोळे पुसत हसायला लागल्या. "एकबी आला न्हाई."